निवड वाचकाची, नियती लेखकाची

उत्तरभागाविषयी वाचकांची तक्रार असणे ही वाङ्मयव्यवहारातील जुनीच गोष्ट आहे. पहिला भाग आवडलेला वाचक दुसऱ्या भागाकडे अपेक्षांचे गाठोडे घेऊन येतो आणि बहुधा थोडासा खट्टू होऊन परततो. 'पूर्वीची मजा राहिली नाही' हे त्याचे ठरलेले वाक्य. परंतु २०१० नंतरच्या दशकात इंग्रजीतील एका वाङ्मयप्रकाराच्या वाचकांनी उत्तरभागांविषयी जी तक्रार केली, ती या जातीची नाही. 'मी घेतलेले निर्णय तुम्ही मानले नाहीत', असे हे वाचक लेखकाला सुनावतात. रसभंगापेक्षा करारभंगाचा हा आरोप आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी या आरोपाकडे गंभीरपणे पाहावे, असे मला वाटते. 'वाचकाचे स्वातंत्र्य' हा शब्दप्रयोग आपण वर्गात जितक्या सहजपणे करतो, तितका तो सोपा नाही, याची जाणीव त्यातून होते.

आधी या प्रकाराची थोडी ओळख करून घेऊ. संगणकावरील शब्दमय साहसखेळांचा इतिहास १९७६ मध्ये विल क्राउदर याने रचलेल्या आणि १९७७ मध्ये डॉन वुड्स याने वाढवलेल्या 'कोलॉसल केव्ह अ‍ॅडव्हेंचर'पासून सांगितला जातो. त्यात खेळणारा स्वतः आज्ञा टंकित करी: उत्तरेला जा, दिवा घे, दार उघड. दुसरीकडे मुद्रित पुस्तकांत, १९७९ च्या एडवर्ड पॅकर्डलिखित 'द केव्ह ऑफ टाइम'पासून 'चूज युअर ओन अ‍ॅडव्हेंचर' ही बालवाचकांची मालिका सुरू झाली. अमुक करायचे असेल तर या पानावर जा, तमुक करायचे असेल तर त्या पानावर, अशी तिची रचना. २००९ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या 'चॉइस ऑफ गेम्स' या संस्थेने हे दोन प्रवाह एकत्र आणले असे म्हणता येईल. चित्र नाही, आवाज नाही. पडद्यावर केवळ गद्य मजकूर आणि त्याखाली तीन-चार पर्याय. पर्याय निवडला की कथा पुढे सरकते. निवेदन द्वितीय पुरुषी असते, म्हणजे कथेतला नायक 'तुम्ही' असता. त्याचे नाव, लिंग, तो कोणावर प्रेम करील, हेही बहुतेक ठिकाणी तुम्हीच ठरवता. ही कादंबरी म्हणायची की खेळ, हा वाद तूर्त बाजूला ठेवू. शब्दांनीच घडलेली ती संहिता आहे, एवढे आपल्या चर्चेला पुरेसे आहे.

या संस्थेच्या सर्वाधिक गाजलेल्या रचनांत झॅकरी सर्जी याची 'हीरोज राइज' ही त्रिधारा मोडते. पहिला भाग 'द प्रॉडिजी' २०१२ मध्ये आला, दुसरा 'द हीरो प्रोजेक्ट' २०१३ मध्ये आणि तिसरा 'हीरोफॉल' २०१४ मध्ये. अतिमानवी शक्ती असणारी माणसे जेथे सर्रास वावरतात अशा जगातील ही कथा आहे. नायकाचे आईवडील एका खलपुरुषाच्या मृत्यूबद्दल तुरुंगात आहेत आणि आजीने त्याला वाढवले आहे. पहिल्या भागात हा तरुण, किंवा ही तरुणी, महानायकांच्या जगात पाऊल टाकते. दुसऱ्या भागात तो दूरचित्रवाणीवरील एका रिअ‍ॅलिटी शोमध्ये स्पर्धक म्हणून उतरतो. भागाचे शीर्षक त्या कार्यक्रमावरूनच आले आहे.

या उत्तरभागाचे आणि एकूण मालिकेचे जे स्वागत झाले, त्याचे दोन स्पष्ट प्रवाह आहेत. एका वर्गाला तिचा वेग, तिच्यातील भावनिक ताण आणि स्त्री, पुरुष, समलिंगी, भिन्नलिंगी अशा सर्वांना नायकपदी सामावून घेण्याची तिची वृत्ती मनापासून आवडली. दुसऱ्या वर्गाचा आक्षेप तितकाच ठाम होता: येथे निवड आहे, पण तिला अर्थ नाही. तुम्ही काहीही निवडा, कथा लेखकाने आखलेल्या रुळांवरूनच धावते. नायकाची शक्तीसुद्धा लेखकानेच ठरवून दिलेली. इंग्रजी खेळाडूंच्या बोलीत यासाठी रेल्वेच्या रुळांवरूनच शब्द आलेला आहे. पहिल्या भागात हा आक्षेप सौम्य असतो, दुसऱ्या भागात तो धारदार होतो. हे असे का व्हावे? पहिल्या भागात वाचकाला परिणामांची वाट पाहण्याची तयारी असते. 'आज पेरले, उद्या उगवेल' अशी त्याची श्रद्धा असते. उत्तरभाग हा तो उद्या असतो. पेरलेले उगवले नाही हे तेथेच कळते.

लेखकाच्या बाजूने एक उत्तर गणिताचे आहे आणि ते खोडून काढता येत नाही. प्रत्येक वळणावर केवळ दोनच पर्याय ठेवले आणि प्रत्येक पर्यायाची कथा खरोखर वेगळी लिहायची ठरवली, तर दहा वळणांनंतर १,०२४ कथा होतात आणि वीस वळणांनंतर १०,४८,५७६. एवढे लिहायला कोणत्याही लेखकाचे आयुष्य पुरणार नाही. म्हणून फुटलेल्या वाटा पुन्हा एकत्र आणाव्या लागतात. 'चॉइसस्क्रिप्ट' या संस्थेच्या संगणकभाषेत त्यासाठी सोय आहे. तुमची निवड लगेच कथा फोडत नाही. ती नायकाच्या एखाद्या गुणाचा आकडा वरखाली करते आणि पुढे कधीतरी तो आकडा तपासला जातो. उत्तरभागात हे ओझे आणखी वाढते, कारण पहिल्या भागाच्या अनेक शेवटांपासून दुसऱ्याची एकच सुरुवात घडवायची असते. शिवाय पहिला भाग न वाचलेला वाचकही दाराशी उभा असतो. अशा वाचकाला आरंभी काही प्रश्न विचारून त्याचा 'भूतकाळ' नोंदवून घेतला जातो. ज्याने तो भूतकाळ रात्र रात्र जागून जगलेला असतो, त्याच्या दृष्टीने मात्र त्या साऱ्या रात्री चार-पाच प्रश्नांच्या उत्तरांत मावतात. हा अपमान लेखकाने हेतुपुरस्सर केलेला नसतो, पण तो होतो.

तेव्हा 'प्रत्येक निवडीने कथा बदललीच पाहिजे' ही मागणी अशक्य आहे आणि ती सोडून दिली पाहिजे. तिला चिकटून बसणाऱ्या वाचकांचे मत मला पटत नाही. परंतु असे म्हणून तक्रार निकालात निघते का? माझ्या मते निघत नाही, कारण निवडीचे काम केवळ घटना बदलणे एवढेच नसते. अ‍ॅरिस्टॉटलने 'पोएटिक्स'मध्ये स्वभावचित्रणाची व्याख्या करताना निवडीचाच आधार घेतला आहे. माणूस काय पसंत करतो आणि काय टाळतो, यातून त्याचा स्वभाव उघड होतो. एखाद्या नाटकात नायकाचा पराभव अटळ असला तरी तो कोणत्या मार्गाने पराभवापर्यंत पोचतो याला महत्त्व असते. त्याच न्यायाने, शेवट एकच असलेल्या कथेतही निवडीला अर्थ असू शकतो. मी क्षमा केली की सूड घेतला, यावरून खलपुरुषाचे पुढे काही बिघडले नाही तरी चालेल. पण मी कोण आहे हे त्यावरून ठरले पाहिजे आणि कथेने ते ओळखले पाहिजे. वाचकांच्या आक्षेपांचा गाभा मला येथे दिसतो. बरेच जण रूळ एकच असल्याबद्दल बोलतात, पण त्यांची खरी खंत अशी की प्रवासी कोण होता याची गाडीने दखलच घेतली नाही.

'हीरोज राइज'मध्ये ही खंत आणखी एका कारणाने तीव्र होते. या खेळात निवडींना गुण मिळतात. 'लेजंड' नावाचे गुण कमावत तुम्ही महान नायक ठरता. वरवर पाहता हे खेळाच्या स्वरूपाला साजेसेच आहे. परंतु गुण आले की बरोबर उत्तर आले, आणि बरोबर उत्तर आले की निवड संपली. मग वाचक 'मी येथे काय केले असते' असा प्रश्न स्वतःला विचारेनासा होतो. 'लेखकाला येथे काय अभिप्रेत असेल' असा तर्क तो चालवू लागतो. विद्यापीठीय परीक्षांमुळे वाङ्मयवाचनाचे काय होते हे आपण अध्यापक चांगलेच जाणतो. कवितेपुढे बसलेला विद्यार्थी कविता न वाचता परीक्षकाचे मन वाचत असतो. हा खेळ उपदेश करतो, असेही अनेक वाचकांचे म्हणणे आहे. तो त्यांना आशयापेक्षा या गुणपद्धतीमुळेच खुपला असावा, असे मला वाटते. ज्या उदारमतवादी मूल्यांची ही मालिका पाठराखण करते ती मूल्ये मोलाची आहेत. पण मूल्य निवडण्याची मोकळीक नसेल, तर ते स्वीकारण्यातही काही पुण्य उरत नाही.

येथपर्यंतचे विवेचन कोणत्याही पर्यायी कथेच्या उत्तरभागाला लागू पडेल. महानायकाच्या कथेत मात्र आणखी एक पेच आहे आणि तो या प्रकाराच्या मुळाशीच आहे. उंबेर्तो एको याने १९६२ मध्ये सुपरमॅनच्या मिथकावर लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात तो मांडला आहे. पुराणातला वीर बदलत नाही, कारण त्याची कथा आधीच घडून गेलेली असते. कादंबरीतला नायक बदलतो, कारण प्रत्येक कृतीने त्याचे आयुष्य थोडे खर्च होते. सुपरमॅनला दोन्ही व्हायचे असते. त्याची कथा दर आठवड्याला, दर महिन्याला पुढे चालली पाहिजे, पण त्याचे आयुष्य खर्च होता कामा नये. त्याने लोइस लेनशी लग्न केले तर तो मृत्यूच्या दिशेने एक पाऊल टाकेल, असे एको म्हणतो. म्हणून या कथांतील काळ धूसर ठेवला जातो. काल काय घडले याची आठवण आजच्या कथेला फारशी नसते. निवडीवर चालणाऱ्या कथेचे सारे आश्वासन मात्र याच्या नेमके उलट आहे. तुमची कृती टिकेल, तिचा माग राहील, असे ती सांगते. विस्मरणावर जगणाऱ्या कथाप्रकाराला स्मरणाचे वचन द्यायला लावणे, हा महानायकाच्या पर्यायी उत्तरभागातील मूळ अंतर्विरोध होय.

या अंतर्विरोधाचा एक जुना दाखला आहे आणि तोही वाचकांच्या निवडीचाच आहे. १९८८ मध्ये अमेरिकेतील डीसी कॉमिक्सने बॅटमॅनचा साहाय्यक जेसन टॉड, म्हणजे दुसरा रॉबिन, जगावा की मरावा हा निर्णय वाचकांवर सोपवला. दोन दूरध्वनी क्रमांक जाहीर झाले. ५,३४३ मते मृत्यूच्या बाजूने पडली आणि ५,२७१ जीवदानाच्या बाजूने. केवळ ७२ मतांनी एक पात्र मेले. वाचकाने लेखकाच्या हातून लेखणी घेतली, असे त्या वेळी कुणालाही वाटले असते. परंतु २००५ मध्ये जेसन टॉड जिवंत होऊन परतला. सतरा वर्षांनंतर का होईना, महानायकांच्या विश्वाने वाचकांचा कौल गिळून टाकला. लोकप्रिय मालिका वाचकाला निवड देते, परंतु तिचा परिणाम उसना देते. कधी परत मागेल याचा नेम नसतो. 'द हीरो प्रोजेक्ट'च्या लेखकाने आपल्या नायकाला प्रेक्षकांसमोर तोलल्या जाणाऱ्या महानायकांच्या जगात, रिअ‍ॅलिटी शोच्या मांडवात उभे केले, यात एक गंमत आहे. कौल देण्याची भाषा सतत, आणि पडद्यामागची सूत्रे मात्र दुसऱ्याच्या हाती: त्या कार्यक्रमांचे हे वर्णन त्याच खेळावर उलटते.

मग या पेचातून वाट नाही का? एक वाट मला टेलटेल गेम्स या कंपनीच्या बॅटमॅन मालिकेत दिसते. ती चित्रमय आणि सध्वनी आहे, तरी संवादांच्या निवडीवरच चालते. पहिला भाग २०१६ मध्ये आला. 'द एनिमी विदिन' हा उत्तरभाग २०१७ मध्ये सुरू होऊन २०१८ मध्ये संपला. या उत्तरभागात जॉन डो नावाचे एक पात्र आहे. पुढे जोकर होणारा हा माणूस बॅटमॅनकडे मित्र म्हणून, जवळजवळ शिष्य म्हणून पाहतो. तुम्ही त्याच्याशी खरे बोललात की खोटे, त्याच्यावर विश्वास टाकलात की त्याला वापरून घेतलेत, यावर तो खलपुरुष होतो की आपल्या परीने न्याय करू पाहणारा वेडा वीर, हे ठरते. शेवटचा भाग या दोन शक्यतांनुसार दोन वेगळ्या रूपांत लिहिलेला आहे. येथे बॅटमॅन फारसा बदलत नाही. एकोच्या भाषेत त्याचे आयुष्य खर्च होत नाही. खर्च होतो तो जोकर. नायकाच्या निवडींचा भार लेखकाने दुसऱ्या माणसाच्या मनावर टाकला. तुमचे वागणे कुणीतरी लक्षात ठेवते आहे, याची सूचना टेलटेलच्या खेळांत पडद्यावर शब्दांत येते. तेथे ती केवळ तंत्रातली युक्ती राहिली नाही, कथेचा विषय झाली. पुन्हा गणित पाहा: वाटा दोनच आहेत, लाखो नाहीत. तरीही वाचकाला आपण काहीतरी केले असे वाटते, कारण त्याच्या करणीचा साक्षीदार कथेत हजर असतो.

यावर एक रास्त आक्षेप येईल. वाचकाला इतके महत्त्व दिले, तर लेखकाने काय फक्त त्याच्या इच्छा टिपून घ्यायच्या? शोकात्मिकेचे काय होईल? 'एकच प्याला' पाहणारा प्रेक्षक सुधाकराच्या हातातला प्याला काढून घेऊ शकत नाही. या असहायतेतच त्या नाटकाचा परिणाम आहे. प्रेक्षकाला रंगमंचावर जायची मुभा दिली, तर सुधाकर वाचेल आणि नाटक मरेल. हा आक्षेप मला मान्य आहे आणि म्हणूनच वाचकाला शेवट ठरवण्याचा हक्क आहे, असे मी म्हणत नाही. पण गडकऱ्यांनी प्रेक्षकाला तशी मुभा कधी देऊ केली नव्हती. निवडीच्या कथेचा लेखक 'तुम्ही' असे संबोधून हाक मारतो, हातात पर्याय ठेवतो आणि तुमच्या निर्णयांनी कथा चालते असे सांगतो. ज्याने हाक मारली त्याने ओळख ठेवली पाहिजे. त्याने वेगळा शेवट देण्याचे बंधन नाही. दिलेला निर्णय लक्षात ठेवण्याचे बंधन आहे. जेथे निवड नाही तेथे ती असल्याचा आव आणू नये, हे दुसरे बंधन. नियती अटळ असेल तर ती अटळ आहे असे कथेने प्रामाणिकपणे म्हणावे. वाचक ते सोसतो. एकच फळ असलेल्या तीन फांद्या दाखवल्या, की तो चिडतो आणि त्याचे चिडणे योग्य असते.

आता आपल्या अभ्यासक्रमाकडे येऊ. वाचककेंद्री समीक्षा शिकवताना आपण वोल्फगांग इझरच्या संहितेतील रिक्त जागांविषयी बोलतो, यौसच्या अपेक्षाक्षितिजाविषयी बोलतो, आणि १९६७ मध्ये रोलां बार्थने जाहीर केलेल्या लेखकाच्या मृत्यूचाही दाखला देतो. या सर्व विवेचनात वाचक हा एक अमूर्त, शहाणा, तक्रार न करणारा प्राणी असतो. त्याने रिक्त जागा भरायच्या असतात. जागा कमी ठेवल्या म्हणून त्याने लेखकाशी भांडल्याचे आपण वर्गात सांगत नाही. 'हीरोज राइज'चे वाचक भांडतात. लेखक मेलेला असावा असे त्यांना मुळीच वाटत नाही. तो जिवंत असावा, समोर असावा आणि त्याने उत्तर द्यावे, असे त्यांना वाटते. आपल्या परंपरेतील सहृदय लेखकाशी समानधर्मी होऊन रस घेतो. हा नवा वाचक समानधर्मी होण्यापूर्वी समान भागीदारी मागतो. त्याची ही मागणी भाबडी असेल, क्वचित उद्धटही असेल. परंतु ज्या सिद्धान्तांनी आपण तीस-चाळीस वर्षे प्रश्नपत्रिका सजवल्या, ते प्रत्यक्षात उतरले की कसे दिसतात, हे पाहायचे असेल तर अशा खऱ्या वाचकांचे अभिप्राय वाचण्याला पर्याय नाही.

महानायकांच्या कथा उथळ असतात आणि मोबाइलवरचे खेळ वेळ घालवण्यासाठी असतात, असे म्हणून हा विषय टाळणे सोपे आहे. आपल्यापुढे बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी काही जण मात्र कथा म्हणून जे वाचतात, त्यात मध्येच थांबून त्यांना विचारले जाते: आता तुम्ही काय कराल? या प्रश्नाची सवय झालेला वाचक उद्या कादंबरीकडे येईल, तेव्हा तो लेखकाकडे निराळे काही मागेल. बहुतेक वेळा लेखक ते देऊ शकणार नाही आणि त्याने देऊही नये. पण काय मागितले जात आहे हे समजून न घेता दिलेला नकार समीक्षेच्या कामाचा नाही.

या साऱ्यातून मागणी एकच पुढे येते आणि ती वाटते तेवढी मोठी नाही: मी येथून गेलो होतो, हे कथेला ठाऊक असावे.